दहा बाय बाराची खोली आणि तिच्यातील हवा

भायखळ्याच्या पुलापासून उत्तरेकडे चिंचपोकळी, लालबाग, परळ आणि नायगाव, पूर्वेला शिवडी आणि पश्चिमेला डिलाईल रोड, वरळी, प्रभादेवी एवढ्या पट्ट्याला मुंबईकर गिरणगाव म्हणतात. महापालिकेच्या दप्तरात मात्र या नावाचा विभाग कधी नव्हता. तेथील जन्म, मृत्यू, देवी, पटकी आणि क्षय यांच्या नोंदी ई, एफ आणि जी या वॉर्डांच्या रकान्यांत विखुरल्या, गिरण्यांची नोंद कारखाना निरीक्षकाकडे राहिली आणि चाळींची नोंद करवसुलीच्या पुस्तकात. एकाच माणसाचे काम, घर आणि आजारपण असे तीन निरनिराळ्या कचेऱ्यांत लिहिले जात असे, आणि ते तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचण्याची गरज फारशी कोणाला भासत नसे.

१९४० ते १९६० या दोन दशकांसाठी तरी ते तसे वाचायला हवेत. १९४१ च्या जनगणनेत मुंबई बेटाची लोकसंख्या सुमारे १५ लाख होती. १९५१ मध्ये ती सुमारे २३ लाखांवर गेली. महायुद्धाने गिरण्या रात्रंदिवस चालवल्या, फाळणीने निर्वासित आणले, कोकणातून आणि घाटावरून येणाऱ्यांचा ओघ चालूच राहिला, आणि त्या प्रमाणात नवी घरे मात्र बांधली गेली नाहीत, त्यामुळे आहे त्याच खोल्यांत माणसे वाढली. गर्दी वाढली की मृत्यू वाढतात, असे एकोणिसाव्या शतकापासूनचे आरोग्यशास्त्र सांगत आले होते. या दोन दशकांत शहरातील मृत्यूचे प्रमाण उलट घसरत गेले. खोली बिघडत गेली आणि माणसे पूर्वीपेक्षा अधिक जगू लागली, हे कसे घडले आणि त्या हिशेबातून काय निसटले, हे गिरणगावात जितके स्पष्ट दिसते तितके देशातील क्वचितच दुसऱ्या वस्तीत दिसेल.

साडेत्रेसष्ट अंशांचा नियम

गिरणगावातील चाळी एका छापाच्या नाहीत. सर्वांत जुन्या खासगी मालकांच्या, लाकडी खांब-तुळयांवर उभ्या, एका बाजूला सज्जा आणि आत एकामागे एक दोन खोल्या असलेल्या. यांतील आतल्या खोलीला उजेड मिळायचा तो बाहेरच्या खोलीच्या दारातूनच. मालकाने भूखंडाची इंचनइंच जागा भाड्याला लावलेली असल्यामुळे दोन चाळींमध्ये उरायची ती सांडपाण्यापुरती फट. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, त्यानंतर ही बांधणी शहराच्या जिवावर उठल्याचे सरकारच्या ध्यानात आले. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तो दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्यासाठी आणि विस्थापितांना हवेशीर घरे देण्यासाठी. पहिले काम त्याने उत्साहाने केले. दुसऱ्याची गती इतकी मंद होती की सुरुवातीच्या दोन दशकांत पाडलेल्या खोल्यांपेक्षा बांधलेल्या खोल्या कमीच राहिल्या आणि विस्थापित माणसे शेजारच्या, आधीच भरलेल्या चाळींत शिरली.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एक नियम आग्रहाने मांडला. खिडकीच्या तळापासून आकाशाकडे साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात रेघ ओढली, तर समोरच्या इमारतीने ती अडवता कामा नये. व्यवहारात याचा अर्थ असा की चाळीस फूट उंचीच्या इमारतीसमोर किमान वीस फूट मोकळी जागा हवी. उंचीच्या निम्मे अंतर राखले की तळमजल्यावरच्या खोलीलाही दिवसाचा उजेड पोचतो. साधी भूमिती असली तरी तिच्यात एक मोठी गोष्ट होती: घराचे आरोग्य त्या घरात राहणाऱ्याच्या स्वच्छतेवर सोपवण्याऐवजी ते दोन भिंतींमधल्या अंतरावर बसवले गेले. खासगी मालकांनी या अंतराला जमेल तितका विरोध केला, कारण मोकळ्या जागेला भाडे येत नाही.

ट्रस्टने स्वतः बांधलेल्या चाळींत हा नियम बऱ्याच अंशी पाळला गेला. परळच्या पोयबावडीतील अशाच एका चाळीत, शेजारशेजारच्या दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ पर्यंत राहिले, यावरून त्या काळी ट्रस्टच्या चाळीतील वस्ती किती संमिश्र होती याची कल्पना येते.

तिसरा प्रकार बीडीडी चाळींचा. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट उभे राहिले, शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठींवर उपकर बसवून पैसा उभारला गेला आणि ५०,००० खोल्यांची योजना जाहीर झाली. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधून झाल्या. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, दर मजल्याला २० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. दोन चाळींमधले अंतर चांगले राखले गेले; घोटाळा झाला तो आत. मधून एक लांब बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या, अशी रचना असल्याने समोरासमोरचा वारा फिरत नसे, आणि खिडक्यांना काचेऐवजी सिमेंटच्या पट्ट्या बसवल्याने उजेड अडत असे. १९२० च्या दशकात यातील कित्येक खोल्या रिकाम्या पडून राहिल्या, कारण भाडे परवडत नव्हते, वरळी गिरण्यांपासून लांब पडत होते आणि या सिमेंटच्या कोठड्यांपेक्षा लाकडी चाळीचा सज्जा लोकांना बरा वाटत होता. पुढे खिडक्या बदलल्या गेल्या. मधला बोळ बदलता येण्यासारखा नव्हता. वरळीच्या जांबोरी मैदानालगत ज्या चाळी अजून उभ्या आहेत त्यांच्या बोळात भरदुपारीही दिवा लावावा लागतो.

चोवीस तास भरलेली खोली

१९३१ च्या जनगणनेनुसार मुंबईतील सुमारे तीन चतुर्थांश लोक एकखोली घरांत राहत होते. आकडा मोठा आहे, पण तो खोलीचा वापर सांगत नाही, आणि गिरणगावाच्या आरोग्याचे मर्म वापरातच आहे.

दहा बाय बाराच्या खोलीचा एक कोपरा मोरीचा. तेथेच भांडी, तेथेच आंघोळ, आडोशाला लुगड्याचा पडदा. दुसऱ्या कोपऱ्यात कोळशाची शेगडी किंवा रॉकेलचा स्टोव्ह, वर फळीवर डबे, छताखाली पोटमाळा. अशा खोलीत एक कुटुंब राही तेव्हाही ते एकटे क्वचितच असे. गावाकडचा भाऊ, मेहुणा, भावकीतला एखादा बदली कामगार यांची वळकटी सज्जात असेच. भाड्याचा बोजा वाटला जावा म्हणून पोटभाडेकरू ठेवणे हा अपवाद नव्हता, तो संसाराच्या जमाखर्चातला नेहमीचा रकाना होता.

एकट्या पुरुषांची व्यवस्था वेगळी होती. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतील एकेका गावाने मुंबईत आपली म्हणून एखादी खोली धरलेली असे. तिला गावकीची खोली किंवा गाळा म्हणत. त्या खोलीवर हक्क गावाचा, माणसे येत-जात राहायची. महिन्याचे भाडे डोईप्रमाणे विभागले जाई, भिंतीला पत्र्याच्या पेट्यांची चळत असे आणि जितक्या पेट्या तितके राहणारे. वीस-पंचवीस माणसांची एक खोली ही बाहेरच्याला अतिशयोक्ती वाटते, परंतु ती सर्व माणसे एकाच वेळी आत नसत. दिवसपाळीवाला भोंग्याला बाहेर पडला की रातपाळीवाला येऊन त्याच जागी अंग टाकी, उरलेले सज्जात, जिन्यात, गच्चीवर, आणि पावसाळा सोडला तर फुटपाथवर झोपत. खोलीचे क्षेत्रफळ वाढवता येत नव्हते म्हणून तिचे तास वाटून घेतले गेले.

आरोग्याच्या दृष्टीने याचा परिणाम असा की ही खोली कधी रिकामी होत नसे. जमीन झाडून वाळायला, अंथरूण उन्हात टाकायला, दारे-खिडक्या उघडून हवा बदलायला जो मधला वेळ साध्या घराला सहज मिळतो, तो या खोलीला मिळत नव्हता. दिवसा झोपणाऱ्याला उजेड नको, म्हणून खिडकीला पोते लावलेले. रात्री झोपणाऱ्याला डास नकोत, म्हणून दार ओढून घेतलेले. क्षयाच्या जंतूंना अंधार आणि साचलेली हवा मानवते. सूर्यप्रकाशात ते लवकर मरतात आणि वाहत्या हवेत विरळ होतात. एका पाळीतल्या खोकणाऱ्याची हवा दुसऱ्या पाळीतल्या झोपणाऱ्याच्या वाट्याला येई, आणि त्या दोघांची जागेपणी गाठ पडतच असे असेही नाही.

या माणसांचे जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हे. चाळीतलीच एखादी बाई, बहुधा गिरणीकामगाराची बायको किंवा विधवा, आपल्या त्याच एका खोलीत दहा-वीस जणांचा स्वयंपाक दोन वेळा करी आणि पैसे पगाराच्या दिवशी घेई. पहाटेपासून रात्रीपर्यंत शेगडीच्या धुरात बसणाऱ्या या बायकांची फुप्फुसे कोणत्याही कारखाना निरीक्षकाच्या तपासणीत येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण कायद्याच्या लेखी त्या काम करीत नव्हत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा कुठे या श्रमाला संघटनेचे रूप मिळाले.

मराठी वाचकाच्या मनातली चाळ बरीचशी गिरगावची आहे. ‘बटाट्याची चाळ’ १९५८ मध्ये आली आणि तिने कारकुनी मध्यमवर्गाच्या चाळीला कायमचे हसरे केले. त्या हास्याच्या पुण्याईवर आज लालबाग-परळच्या चाळींचेही ‘माणुसकी जपणारी घरे’ असे वर्णन सर्रास होते. शेजारधर्म खरा होता, आणि एरवी तगून राहणेच अशक्य होते. पण ज्या सज्जाच्या आठवणी काढल्या जातात त्या सज्जात लोक झोपत होते ते आत जागा नव्हती म्हणून, एवढे तरी त्या आठवणींनी नोंदवायला हवे.

नळ, संडास आणि हाऊस गल्ली

शहराचे पाणी विहार, तुळशी आणि तानसा या तलावांतून येत होते. १९५० च्या दशकात वैतरणेवरील धरणाची भर पडली, आणि अभियंता एन. व्ही. मोडक यांच्या नावाने तो जलाशय मोडकसागर झाला. तलाव वाढले तरी चाळीतला नळ ठराविक तासांचाच राहिला. खालच्या मजल्याने नळ सोडला की वरच्या मजल्याचा दाब पडे, त्यामुळे पहाटे कोणी आधी उठायचे याचे एक अलिखित वेळापत्रक प्रत्येक चाळीत असे. साठवलेले पाणी पिंपात, घागरीत आणि डब्यात राही, आणि त्यात तांब्या बुडवणारे हात दिवसभरात कितीतरी असत. हगवण आणि विषमज्वर पसरण्याला नळातले पाणी वाईट असावेच लागत नाही. ते खोलीत आल्यानंतरचा प्रवास पुरेसा असतो.

साठवणीच्या पाण्याचा दुसरा धोका हिवतापाचा. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाची पाहणी केली तेव्हा दोषी ठरला तो दलदलीतला डास नव्हे, तर स्वच्छ पाण्याच्या विहिरीत आणि टाक्यांत वाढणारा अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी. त्यानंतर महापालिकेने विहिरी बुजवण्याचा किंवा त्यांना घट्ट झाकणे बसवण्याचा सपाटा लावला, टाक्यांवर मच्छरबंद झाकणांची सक्ती झाली आणि गिरण्यांच्या हौदांवर नजर ठेवली गेली. निरीक्षक शिडी लावून प्रत्येक टाकी पाहत असे. सार्वजनिक आरोग्याच्या कामांत हे काम विशेष यशस्वी ठरले, याचे कारण त्यात बदलायचे होते ते झाकण. खोली बदलायची नव्हती.

संडासाची गोष्ट इतकी सोपी नव्हती. मजल्यावरच्या सर्व खोल्यांना मिळून चार-सहा संडास, त्यांतील जुन्या खासगी चाळींतले टोपलीचे, म्हणजे खाली टोपली ठेवून मैला हाताने उचलण्याचे. ती टोपली काढण्यासाठी चाळीच्या मागच्या बाजूने एक अरुंद गल्ली असे. तिलाच हाऊस गल्ली म्हणतात. मैला उचलणाऱ्यांना महापालिकेच्या कायद्यात हलालखोर म्हटले होते आणि त्यांच्या कामासाठी घरमालकांकडून हलालखोर कर घेतला जाई. हे कामगार गुजरात-काठियावाडातून आणि महाराष्ट्रातून आलेले दलित होते, आणि चाळीतील कोणाच्याही दारासमोरून जाऊ नये म्हणूनच त्यांची वाट मागून काढलेली होती. वरच्या मजल्यांवरून सांडपाण्याचे नळ याच गल्लीत उतरत, खिडकीतून केरही येथेच पडे. नंतर पाण्याचे संडास आले, टोपल्या गेल्या, पण गल्ली राहिली, तिच्यात साचणारे राहिले आणि ते उपसायला खाली उतरणारी माणसेही त्याच जातींची राहिली. लालबाग-परळमधल्या जुन्या चाळींच्या मागे आजही या गल्ल्या आहेत, काहींना जाळीचे दार आणि कुलूप लावलेले आहे, आणि स्वच्छतेचा आरोग्याला झालेला लाभ ज्यांच्या अंगावरून गेला त्यांच्या आजारांची वेगळी नोंद त्या काळच्या वॉर्डनिहाय रकान्यांत सापडत नाही.

या दोन दशकांतच शहरातील म्हशींचे तबेले हलवण्याचा निर्णय झाला आणि १९४९ मध्ये आरे दुग्धवसाहत सुरू झाली. दुधाच्या दर्जासाठी हे केले गेले, तरी माश्या आणि शेण वस्तीतून कमी झाले हा लाभ गिरणगावाला आपसूक मिळाला.

धोटा आणि दमट हवा

खोलीतून निघालेला माणूस आठ तास ज्या हवेत जाई ती हवा मुद्दाम दमट ठेवलेली असे. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, वाफ सोडली जाई आणि खिडक्या बंद असत. कापूस पिंजण्याच्या आणि विंचरण्याच्या खात्यांत उलट अडचण: तेथे हवेत कापसाची बारीक धूळ तरंगत राही. या धुळीमुळे होणाऱ्या श्वासाच्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात, आणि त्याचे चमत्कारिक लक्षण असे की आठवड्याची सुट्टी घेऊन कामगार परत आला की पहिल्या दिवशी त्याची छाती सर्वांत जास्त आवळते आणि मग आठवडाभर कमी होत जाते. वर्षानुवर्षांनी ती आवळण कायमची होते. गिरणगावात सगळ्या खोकल्यांना दमा किंवा क्षय यांपैकी एक नाव मिळत असल्याने धुळीचा हिस्सा किती, हे निदानाच्या कागदावर क्वचितच उतरले.

साचेखात्यात आणखी एक रीत होती. धोट्यातली, म्हणजे मागावर आडवे सूत नेणाऱ्या साधनातली, कांडी संपली की नवी घालून तिचे सूत धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायचे असे, आणि सर्वांत जलद उपाय म्हणजे छिद्राला तोंड लावून ते ओढणे. एकच धोटा एका पाळीतून दुसऱ्या पाळीतल्या साचेवाल्याच्या तोंडी जाई. यातून क्षय पसरतो असा संशय इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांपासून व्यक्त होत होता, जरी क्षयाचा मुख्य मार्ग हवेतूनच आहे. मुंबईत मात्र या उष्ट्या सुताला वेगळेच वळण लागले: दलिताने तोंड लावलेला धोटा सवर्ण कामगार घेणार नाही, या सबबीवर दलितांना साचेखात्यात घेतलेच जात नव्हते, आणि साचेखाते हेच अधिक पगाराचे. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. तोंड न लावता सूत ओवता येईल असा धोटा हा आरोग्याचा आणि विटाळाचा असा दोन्ही प्रश्नांवरचा यांत्रिक उपाय होता. त्याची घाई कोणालाच झाली नाही, मालकांना खर्चामुळे आणि साचेवाल्यांपैकी अनेकांना आपली राखीव जागा टिकावी म्हणून.

क्षय झालेला कामगार शक्य तितके दिवस खोकला लपवी. पाळी चुकली तर दारात उभा असलेला बदली कामगार जागा घेणार, हे त्याला ठाऊक असे. अंग फारच धरेना तेव्हा तो हवापालट म्हणून गावी जाई. थोड्यांना मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या क्षयरुग्णालयात जागा मिळे, बाकीचे घरच्या पडवीत झोपून राहत. त्यांतील अनेक परत येत नसत, आणि त्यांचा मृत्यू संगमेश्वर किंवा पाटण तालुक्याच्या दप्तरी पडे. आजार मुंबईने दिला आणि मरण गावाने नोंदवले, त्यामुळे वॉर्डातील क्षयमृत्यूंचा आकडा वस्तुस्थितीपेक्षा नेहमीच सौम्य दिसत राहिला.

याच्या नेमके उलट बालमृत्यूंच्या आकड्यात घडले. १९२१ मध्ये मुंबईत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे ६६० हून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावली, एकखोली घरांत हे प्रमाण ८०० च्या वर होते आणि चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत १३० च्या आसपास. हे आकडे अनेक पुस्तकांत उद्धृत होतात. परंतु बाळंतपणाला बाई माहेरी, गावी जाई. जन्म तिकडे नोंदला जाई, बाळ चार-सहा महिन्यांचे होऊन मुंबईत येई आणि येथे दगावे, तेव्हा मृत्यू मुंबईच्या नावे लागे पण जन्म लागलेला नसे. म्हणून ८०० हा आकडा शब्दशः घेण्यात अर्थ नाही. खोल्यांच्या संख्येप्रमाणे उतरणारी पायरी मात्र नोंदीच्या दोषाने पूर्णपणे समजावता येत नाही. गिरणीत जाणारी आई तान्ह्याला शांत ठेवण्यासाठी अफूची बाळगोळी देई, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील डॉक्टरांनी वारंवार नोंदवले आहे, आणि तिला दोष देण्याआधी पाळणाघर किती गिरण्यांत होते हे विचारायला हवे. १९२९ चा मुंबई प्रसूतिलाभ कायदा देशातला पहिला. त्याने काही आठवड्यांची भरपाई दिली, आणि त्याच्याबरोबर मालकांना बायका कमी घेण्याचे एक कारणही दिले.

औषध बाहेरून आले

परळ हे अजब ठिकाण आहे. देशातील अत्यंत दाट वस्तीच्या कुशीत त्या काळी देशातील उत्तम आरोग्यसंस्था उभ्या होत्या: प्लेगची लस बनवणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांची, १८९९ मध्ये जुन्या गव्हर्नर निवासात आलेली आणि १९२५ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाणारी प्रयोगशाळा, १९२६ चे केईएम रुग्णालय, त्याच सुमाराची वाडिया प्रसूतिगृह आणि बालरुग्णालय, १९४१ चे टाटा स्मारक रुग्णालय. जवळच आर्थर रोडला साथीच्या रोगांचे रुग्णालय आणि शिवडीला महापालिकेचे क्षयरुग्णालय. चाळीतला माणूस चालत केईएमला पोचत असे, ही सोय भारतातल्या दुसऱ्या कुठल्याही कामगार वस्तीला क्वचितच होती. बाळंतपणे हळूहळू गावाकडून वाडियाकडे वळली आणि जन्मनोंदीही सुधारली.

मग क्षयावरची औषधे आली. १९४० च्या दशकाअखेरीस स्ट्रेप्टोमायसिन, १९५२ नंतर आयसोनियाझिड, त्यांच्या जोडीला पीएएस. बीसीजीची लस १९४८ पासून देशात टोचली जाऊ लागली. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा, तो मुंबईत १९५४ मध्ये लागू झाला, आणि वस्तीतल्याच पॅनल डॉक्टरकडून औषध, आजारपणाच्या रजेत पगाराचा काही भाग, अशी व्यवस्था प्रथमच गिरणीकामगाराला मिळाली. खोकला लपवण्याचे एक कारण तरी यामुळे कमी झाले. पण विमा होता कामगाराचा. त्याच्या बायकोचा, मुलांचा, सज्जात झोपणाऱ्या मेहुण्याचा नव्हता. कुटुंबाला वैद्यकीय लाभ पुढे टप्प्याटप्प्याने मिळाला. संसर्ग खोलीच्या हिशेबाने पसरत होता आणि उपचार हजेरीपटाच्या हिशेबाने दिला जात होता.

याच टप्प्यावर एक शास्त्रीय निष्कर्ष निर्णायक ठरला, आणि तो मद्रासचा होता. १९५६ पासून तेथील क्षयरोग रसायनोपचार केंद्राने गरीब, दाट वस्तीतल्या रुग्णांचे दोन गट करून एकाला आरोग्यधामात ठेवले आणि दुसऱ्याला घरीच औषधे दिली. वर्षाअखेर घरच्या गटाचे बरे होणे आरोग्यधामाच्या तोडीचे निघाले आणि त्यांच्या घरच्यांना अधिक लागण झाल्याचेही आढळले नाही. खाटा कमी, रुग्ण लाखो, अशा देशासाठी हे वरदान होते, आणि १९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा पाया याच निष्कर्षावर घातला गेला. प्रयोगाने सिद्ध केले होते ते एवढेच की वाईट घरातही औषधाने रोग बरा होतो. वाईट घर रोग देत नाही असे त्याने कुठेही म्हटले नव्हते. पण प्रशासनाने दोन्ही विधानांतला फरक सोयीस्करपणे पुसला. हवा, उजेड आणि खोलीतली माणसे हा विषय वैद्यकीय कार्यक्रमातून बाजूला पडला आणि गृहनिर्माण खात्याकडे गेला, जेथे खोल्यांची संख्या मोजली जाते, हवा मोजली जात नाही. मृत्यू घटले ते या वाटेने. खोली तशीच ठेवून माणूस वाचवता येतो, हे विसाव्या शतकाच्या मध्याने शिकवले, आणि खोलीकडे न पाहण्याची मुभाही त्यानेच दिली.

गोठलेले भाडे

खोली का बदलली नाही याचे उत्तर डॉक्टरांकडे नाही, ते भाडेपावतीवर आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले आणि भाडेकरूला घराबाहेर काढणे अवघड केले. युद्धकाळातील टंचाईत मालक वाटेल ते मागू लागले होते, त्यामुळे हा कायदा आला नसता तर गिरणगाव रस्त्यावर आले असते; त्याच्या टीकाकारांनी हे सहसा लक्षात घेतलेले नाही. परंतु ज्या भाड्यातून रंगाचा खर्चही निघत नाही त्या इमारतीची दुरुस्ती मालक करीत नाही, आणि नवी भाड्याची चाळ तर मुळीच बांधत नाही. गळकी छपरे, ओल धरलेल्या भिंती, कुजलेल्या तुळया आणि खचलेले जिने हे या कायद्याचे हळू परिणाम. खोली सोडणाऱ्याला मिळणारी पगडी मालक आणि भाडेकरू यांच्यात वाटली जाऊ लागली आणि स्वस्त भाड्याची खोली ही पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवण्याची मालमत्ता झाली. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीची लग्ने त्याच खोलीत झाली.

सरकारने १९४८ मध्ये मुंबई गृहनिर्माण मंडळ काढले, १९५२ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची केंद्रीय योजना आली, काळाचौकीला अभ्युदयनगर उभे राहिले. तेथील घरांना स्वतंत्र नळ आणि संडास होते, आणि ती गरजेच्या मानाने फारच थोडी होती. जुन्या इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले आणि बेटावरच्या सुमारे १९,६०० इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर बसला. तेव्हापासून त्यांना सेसच्या इमारती म्हणतात. टेकू लावणे हे त्या दुरुस्तीचे नेहमीचे रूप राहिले.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्याबरोबर कापसाची धूळ आणि दमट साचेखातेही गेले. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ रहिवाशांना १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घरात स्वतःचा संडास आणि स्वयंपाकघर येणे हा फरक ज्याने बोळाच्या टोकाला रांग लावली आहे त्यालाच नीट कळेल. नव्या घरांचे क्षेत्रफळ वर्तमानपत्रांत वारंवार छापून आले. दोन मनोऱ्यांतले अंतर क्वचितच.

ते अंतर किती महत्त्वाचे असते हे गिरणगावाच्या ईशान्येला, गोवंडी-मानखुर्दमध्ये दिसले आहे. रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांनी विस्थापित झालेल्या कुटुंबांना नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड येथे पक्क्या इमारतींत घरे मिळाली, घरटी संडास मिळाला, नळ मिळाला. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या २०१८ मधील पाहणीत या वसाहतींत क्षयाचे रुग्ण आणि घरातील हवा-उजेड यांचा संबंध स्पष्ट दिसला. खालच्या मजल्यांवर, जेथे ऊन पोचत नाही, तेथे आजार अधिक होता. सात-आठ मजली इमारतींमधले अंतर काही ठिकाणी अवघे तीन मीटर आहे. ऑर यांच्या शंभर वर्षांपूर्वीच्या हिशेबाने तेथे दहा-बारा मीटर लागले असते. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नेहमीच्या नियमांतून सवलत मिळते, आणि ती सवलत शहराच्या विकास नियंत्रण नियमावलीतच लिहिलेली आहे.